रस्त्यावर बसलेले आणि गाडीत बसलेले

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी ट्रॅक्टर घेऊन नागपूर गाठले आणि नागपूर-हैदराबाद महामार्ग अडवून धरला, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर जो वाद पेटला तो अजून धुमसतो आहे. माझा चुलत भाऊ नाशिकला मालवाहतुकीचा धंदा करतो. त्याच्या दोन गाड्या बुटीबोरीच्या अलीकडे रांगेत उभ्या होत्या, चालक फोनवर रडकुंडीला आले होते आणि मालाचा मालक तासातासाला विचारणा करत होता. त्या तिरमिरीत त्याने लिहिले, “दोन-चार जणांच्या अंगावर गाडी घातली ना, की परत कुणी बसणार नाही.” एवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसले असते, कारण माणूस वैतागला की बोलून जातो. पण लगेच दुसरे वाक्य आले, “ताई, तुमच्या जर्मनीत कुणी असं बसून दाखवावं.” त्याखाली अंगठ्यांची रांग लागली, आणि त्या रांगेत माझ्या आत्याचाही अंगठा होता.

मला चीड आली ती ‘अंगावर घाला’ या भाषेपेक्षा जर्मनीच्या या दाखल्याची. म्हाताऱ्या आई-वडिलांचा विषय निघाला की ‘तुमची जर्मनी’ माणुसकी नसलेला देश असते, आणि कुणाला बदडायचा विषय निघाला की तीच जर्मनी एकदम आदर्श राष्ट्र होते. वस्तुस्थिती अशी आहे की माझ्या जर्मनीत लोक नुसते बसले नाहीत, तर डांबराला हात चिकटवून बसले. जानेवारी २०२२ पासून जवळपास दोन वर्षे ‘लेट्स्टे गेनेरात्सियोन’, म्हणजे ‘शेवटची पिढी’ असे नाव घेतलेल्या गटाची तरुण मुले ऐन सकाळच्या गर्दीत नारिंगी जाकिटे घालून बर्लिनच्या मोठ्या चौकांत आणि ए१०० या शहरी मोटारमार्गाच्या उतारांवर बसत होती. त्यांच्या मागण्या ऐकून माझ्या आत्याला हसू येईल: मोटारमार्गांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घाला आणि सार्वजनिक वाहतुकीचे ९ युरोचे मासिक तिकीट परत आणा. एवढ्यासाठी हजारो माणसे कामावर उशिरा पोचली. ज्यांच्या शिस्तीचे गोडवे आपल्याकडे गायले जातात त्या गाडीवाल्यांपैकी काही जण खाली उतरून या मुलांना जाकिटाच्या टोपीला आणि केसांना धरून फरफटत कडेला ओढत होते, शिव्या घालत होते, लाथा मारत होते. हे सगळे चित्रफितींत आहे, कुणालाही पाहता येईल.

एका सकाळी बर्लिनमध्ये फ्रांकफुर्टर टोरला आमची एम१० ट्राम थांबली ती थांबलीच. चौकात एक मुलगी डावा हात रस्त्याला चिकटवून बसली होती. पोलिसांनी तिच्या तळव्याखाली खाद्यतेल सोडले होते आणि हातमोजे घातलेला एक मध्यमवयीन पोलीस गुडघ्यांवर वाकून बारीक ब्रशाने ते तेल बोटांच्या कडेकडेने आत सारत होता. मध्येच तो थांबे, गॉजच्या तुकड्याने जास्तीचे तेल टिपे आणि दुखते आहे का असे विचारे. लहान मुलाच्या केसांत अडकलेले च्युइंगम सोडवताना आईचा हात जेवढा सावकाश चालतो तेवढाच त्याचा चालत होता. चार पावलांवर एक व्हॅनवाला उभा होता, गाडीवर नळ आणि रेडिएटर रंगवलेले होते त्यावरून प्लंबर असावा, आणि माझ्या तासाचे पैसे कोण भरून देणार असे ओरडत तो त्या मुलीच्या दिशेने निघाला. दुसऱ्या पोलिसाने त्याच्या छातीसमोर आडवा हात धरून सांगितले की गाडीत जाऊन बसा, नाहीतर मला तुमच्यावरही तक्रार नोंदवावी लागेल. मी उतरून चालत कामावर गेले. माझी सहानुभूती त्या वेळी प्लंबरकडे होती आणि आजही बऱ्याच अंशी आहे. पण ‘पोलीस’ म्हणजे काय असते ते मला त्या आडव्या हाताने दाखवले, आणि गटावरच्या वादात माझ्या डोळ्यांसमोर येत राहिला तो तोच हात.

आता कायद्याचे पाहू, कारण भावाचे म्हणणे शेवटी असेच आहे की माझा रस्ता अडवला तर तो मोकळा करून घेण्याचा हक्क मला असलाच पाहिजे. जर्मन दंडसंहितेच्या ३२ व्या कलमातला स्वसंरक्षणाचा हक्क चांगलाच सढळ आहे. बेकायदेशीर हल्ला होत असेल तर माघार घेण्याची सक्ती साधारणपणे नाही. त्यामुळे इथल्या कायदेपंडितांत या प्रश्नावर खरोखरच वाद झाला. रस्त्यावर ठाण मांडणे हा माझ्या हिंडण्याफिरण्याच्या स्वातंत्र्यावरचा हल्ला मानला, तर मी त्या माणसाला उचलून बाजूला ठेवू शकतो की नाही? काहींनी होकार दिला, अर्थात हलक्या हाताने आणि इजा न करता. इतरांनी विचारले की पोलीस शेजारी असताना, किंवा थोड्याच वेळात पोचणार असताना, तुम्ही हात लावायची गरज काय, आणि चिकटलेला हात ओढल्यावर कातडे सोलून निघते त्याला हलके बळ कसे म्हणायचे? गाडी अंगावर नेण्याला मात्र या वादात जागाच नव्हती. जुलै २०२३ मध्ये श्ट्रालझुंड येथे एका ट्रकचालकाने रस्त्यात बसलेल्या आंदोलकाला ट्रकच्या पुढच्या भागाने रेटले, आणि त्याचा वाहनपरवाना काढून घेण्यात आला. व्यवसायाने ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे माझ्या भावाला तरी सांगायला नको.

बसणाऱ्यांना मोकळे रान होते असेही नाही. त्यांच्यावर दंडसंहितेच्या २४० व्या कलमाखाली, म्हणजे दुसऱ्याला जबरदस्तीने काही करायला किंवा सोसायला लावल्याबद्दल, खटले झाले. या कलमाची इथली कथा मला फार बोलकी वाटते. संविधान न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले की नुसते रस्त्यावर बसून राहणे म्हणजे बळाचा वापर नव्हे. त्याच वर्षी संघीय सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वाट काढली. पहिल्या रांगेतला चालक थांबतो तो माणसावर गाडी घालणे त्याच्या मनाला पटत नाही म्हणून. त्याच्या मागचा चालक थांबतो तो समोर लोखंडाची गाडी उभी आहे म्हणून, आणि ती गाडी तिथे अडकवून ठेवली आंदोलकाने. म्हणजे मागच्या रांगांपुरते ते बळ ठरते. हा युक्तिवाद संविधान न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला; मात्र शिक्षा देण्याआधी अडवणूक किती वेळ चालली, आधी सांगितले होते का, दुसरा रस्ता होता का, अडलेल्यांचा त्या विषयाशी काही संबंध होता का, हे सगळे तोलून पाहावे लागते असेही बजावले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की एवढे सगळे न्यायशास्त्र एका गृहीतकावर उभे आहे: पहिल्या रांगेतला माणूस गाडी घालणार नाही. भाऊ नेमके तेच गृहीतक काढून टाकायला निघाला आहे.

गटावर याला उत्तर म्हणून कुणीतरी पनामाची चित्रफीत टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे एका तांब्याच्या खाणीच्या कराराविरुद्ध लोकांनी पॅन-अमेरिकन महामार्ग अडवला होता. ७७ वर्षांचा एक गृहस्थ गाडीतून उतरला, थोडी बाचाबाची केली आणि पिस्तूल काढून दोन आंदोलकांना गोळ्या घातल्या. दोघेही मेले. आमच्या गटावर या चित्रफितीखाली ‘जशास तसे’ असे लिहिलेले होते. त्या गृहस्थाला पुढे खुनाबद्दल दीर्घ तुरुंगवास झाला हे त्या चित्रफितीत नव्हते, आणि गोळीबारानंतर महिना उलटायच्या आत पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो करार घटनाबाह्य ठरवला हेही नव्हते. डॅलसच्या आतेभावाने लिहिले की आमच्याकडे ओक्लाहोमात तर गाडीवाल्यांना संरक्षण देणारा कायदाच आहे. आहे, २०२१ चा आहे. पण तो दंगलीतून जीव वाचवून निसटताना नकळत कुणाला इजा झाली तर त्यापुरता आहे. बैठक मारलेल्या माणसांवरून रस्ता मोकळा करून घेण्याची मुभा त्यातही नाही. आतेभावाने हे वाचले असेल असे मला वाटत नाही, आणि तसे पाहिले तर ओक्लाहोमा त्याच्याकडचे नाही, शेजारचे राज्य आहे.

जर्मनीची बाजू मी फार नेटकी करून सांगते आहे असा आक्षेप येईल, म्हणून माझ्या बाजूने न पडणाऱ्या दोन गोष्टीही सांगते. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बर्लिनमध्ये एका सायकलस्वार महिलेला काँक्रीट मिक्सरने चिरडले. तिला सोडवण्यासाठी निघालेले अग्निशमन दलाचे विशेष वाहन आंदोलनामुळे झालेल्या कोंडीत अडकले, आणि काही दिवसांनी ती महिला दगावली. ते वाहन न पोचल्याने उपचारांत फरक पडला नाही, असे घटनास्थळी असलेल्या डॉक्टरचे मत नंतर पुढे आले. पण तोवर शहराचा संयम संपला होता, आणि रेटुंग्सगासे, म्हणजे कोंडीत आपत्कालीन वाहनांसाठी मोकळी ठेवायची वाट, नीट सोडली होती की नाही याचीच चर्चा आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर चालली. रुग्णवाहिका हा या वादातला सगळ्यात जड मुद्दा आहे आणि तो कुणीही रस्त्यावर बसणाऱ्याने हसण्यावारी नेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे बव्हेरियात यातल्या काही मुलांना गुन्हा घडण्याआधीच, ‘पुन्हा बसतील’ म्हणून, ३० दिवसांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद वापरली गेली. लोकशाहीचे धडे देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना त्यात फारसे वावगे दिसले नाही.

तोच सहकारीवर्ग जानेवारी २०२४ मध्ये मला वेगळाच दिसला. शेतीच्या डिझेलवरची सवलत काढण्याच्या निर्णयाविरुद्ध शेतकरी देशभर ट्रॅक्टर घेऊन उतरले, मोटारमार्गांचे चढ-उतार अडले, ब्रांडेनबुर्ग गेटसमोर ट्रॅक्टरांची रांग लागली. त्या मुलांना तुरुंगात टाका म्हणणारा माझ्या शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ आता ट्रॅक्टरांना हॉर्न वाजवून दाद देत होता. बऱ्याच ठिकाणी या मोर्च्यांची आधी नोंद केलेली होती हा फरक खरा आहे, पण उतारावर अडकलेल्याला तो फरक काय कामाचा? खरा फरक मला वेगळाच वाटतो. ट्रॅक्टरवर कुणी गाडी घालत नाही. गाडीवाल्याला बळ वापरण्याचा हक्क हवा, ही मागणी नेहमी मांडी घालून बसलेल्या माणसाविरुद्धच केली जाते, आणि नागपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावलेले असताना माझ्या भावाने त्यांच्यावर ट्रक घालण्याची भाषा केली नाही, माणसांवर घालण्याची केली.

आपल्या कायद्यातही त्याला आधार नाही. एखाद्याला जायचा हक्क असलेल्या दिशेने जाऊ न देणे हा भारतीय न्याय संहितेच्या १२६ व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या गुन्ह्याला कायद्याने महिनाभराची साधी कैद पुरेशी मानली, त्याला भाऊ चाकाखालचा मृत्यू सुचवतो आहे. खाजगी संरक्षणाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे, आणि ३७ व्या कलमाने त्याला कुंपण घातले आहे: सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि असला तरी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. महामार्गावर जो माणूस चार तास रांगेत उभा आहे, त्याच्याकडे आणखी काही नसले तरी वेळ नक्की आहे.

हे मी लिहिले तेव्हा भावाने एकच ओळ उत्तर दिले, “यंत्रणा तिथंच उभी होती, ताई. बघत.” आणि हे खोडून काढणे मला जमले नाही. सर्वोच्च न्यायालयाने शाहीन बागेच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट सांगितले की सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवून धरता येणार नाहीत आणि ते मोकळे करणे हे प्रशासनाचे काम आहे. तरी नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला स्वतःहून दखल घेऊन महामार्ग रिकामा करण्याचा आदेश द्यावा लागला, आणि त्याआधी दोनच महिने मराठा आरक्षणाच्या आंदोलनात दक्षिण मुंबईचे रस्ते मोकळे करण्यासाठीही उच्च न्यायालयालाच बोलावे लागले. पोलीस हात लावत नाहीत, कारण वरून आदेश नसतो. वरून आदेश नसतो, कारण आज जो मंत्री आहे तो काल विरोधी पक्षात असताना स्वतः टायर जाळत होता. आणि नोंदवलेले गुन्हे पुढे शासन निर्णय काढून मागे घेतले जातात हे बसणाऱ्याला आणि उठवणाऱ्यालाही ठाऊक असते. फ्रांकफुर्टर टोरच्या प्लंबरला आडव्या हाताने अडवणारा पोलीस दुसरीकडे त्या मुलीचा हात सोडवतही होता. आपल्याकडे पहिले काम कुणीतरी कधीतरी करतो, दुसरे काम चर्चेचे निमंत्रण येईपर्यंत कुणीच करत नाही. ३० जून २०२६ च्या आत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असे आश्वासन मिळाले आणि मग आंदोलन थांबले. जे आश्वासन रस्ता अडवल्यावर तीन दिवसांत देता येते ते आधी का देता आले नाही, हा प्रश्न माझ्या भावाने विचारायला हवा होता, कारण त्याच्या गाड्या खरे तर त्या दिरंगाईने अडवल्या होत्या.

इथे आणखी एक फरक मान्य करायला हवा. बर्लिनच्या गाडीवाल्याला चिकटलेल्या मुलीपासून कसलीच भीती नव्हती. आपल्याकडे जमावाच्या मधोमध सापडलेल्या चालकाला भीती असते, आणि ती खोटी नसते. एसटीच्या किती काचा आजवर फुटल्या आहेत ते प्रत्येक आगाराला माहीत आहे. दगड यायला लागले, कुणी दार उघडून ओढू लागले, टायर पेटवून गाडीखाली सरकवू लागले, तर चालकाने गाडी मागे घ्यावी, कडेने काढावी, जीव वाचवावा, त्यासाठी लागेल तेवढे बळ वापरावे. त्याला त्याचा कायदेशीर हक्क आहे आणि तो मी कधीही नाकारणार नाही. पण निसटण्यासाठी वापरलेले बळ आणि वाट काढण्यासाठी वापरलेले बळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि गटावरच्या सगळ्या चर्चेत दुसऱ्याचे समर्थन पहिल्याचे दाखले देऊन चालले होते.

वाट काढण्यासाठी बळ वापरले की काय होते ते आपण ३ ऑक्टोबर २०२१ रोजी लखीमपूर खेरीला पाहिले आहे. गाड्यांचा ताफा आंदोलक शेतकऱ्यांवर गेला, चार शेतकरी आणि एक पत्रकार मेले. मग चवताळलेल्या जमावाने ताफ्यातल्या तिघांना ठार मारले, आणि त्या तिघांत एक चालक होता, पगारावर गाडी चालवणारा. माझ्या भावाने स्वतः स्टिअरिंगवर बसून बऱ्याच वर्षांत नाशिकच्या बाहेर ट्रक नेलेला नाही. तो ज्या गाड्या अंगावर घालायला सांगतो त्या चालवणारी माणसे बीड-परभणीची आहेत, आणि जमाव मालकाला शोधायला गंगापूर रोडला येणार नाही.

सरकारने बळ वापरावे असे मी म्हणते तेव्हा त्याचाही इतिहास मला विसरता येत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाच्या बंद जलवाहिनीच्या प्रकल्पाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. एका बाजूला बघत उभे राहणारे पोलीस आणि दुसऱ्या बाजूला एकदम गोळी, यांच्या मधले जे काही आहे, म्हणजे इशारा, वेळेची मुदत, उचलून नेणारी चार माणसे, ते आपल्याकडे कुणी शिकवत नाही असे दुरून तरी दिसते. दुरून, हे खरेच. पण उलटही घडलेले आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले हजारो शेतकरी आणि आदिवासी, दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण नको म्हणून, दिवसभराच्या चालीनंतर झोप न घेता रात्रीतून सोमय्या मैदानातून आझाद मैदानात गेले. सोलवटलेल्या पायांनी ज्यांनी हा विचार केला, त्यांच्याच जिल्ह्यातला माझा भाऊ आहे.

आणि तो ज्यांचा मुलगा आहे ते माझे काका नोव्हेंबर १९८० मध्ये आग्रा रोडवर बसले होते. आम्ही निफाड तालुक्यातले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्या वर्षी आधी चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला होता, मग नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ता आणि रेल्वे दोन्ही अडवले, आणि खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मेले. काका सांगायचे की बैलगाड्या रस्त्यात सोडल्या होत्या, आणि मागे अडकलेल्या पंजाबी ट्रकवाल्यांना गावातून भाकरी, ठेचा आणि हंड्याने पाणी जात होते. एक सरदारजी म्हणे रात्री आंदोलकांच्यात येऊन बसला आणि त्याने गाणी म्हटली. काकांना गोष्ट रंगवून सांगायची सवय होती, तेव्हा गाण्यांचे मी सोडून देते. पण त्या ट्रकवाल्यांपैकी एकाने जरी माझ्या भावाचा सल्ला ऐकला असता तर काय झाले असते, हे मी गटावर लिहिले. उत्तर आले, “तेव्हाची गोष्ट वेगळी होती.” वेगळी होती हे खरे आहे. तेव्हा आपण रस्त्यावर होतो, आता आपल्या गाड्या रस्त्यावर आहेत.

परदेशात बसून उपदेश करू नये, असेही एका काकूंनी सुचवले. त्यावर मी थोडे फुशारकीने लिहिले की ज्या माणसाने आपल्या तालुक्याला रस्त्यावर बसायला शिकवले तो स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या टपाल संघटनेतली नोकरी करत होता. काकूंचे उत्तर दोन शब्दांचे होते, “परत आले.” शरद जोशी परत आले, चाकणजवळ कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कांदा पिकवून तोट्यात गेले, मग बोलले. मी बर्लिनमध्ये कांदा विकत घेते. त्याच्या जाळीवर कधीकधी हॉलंडचे नाव असते आणि मी त्याला नाके मुरडते, एवढाच माझा शेतीशी उरलेला संबंध.

ही चिडचिड मला इतकी लागते याचे एक कारण मात्र या सगळ्या वादात मी कुणाला सांगितलेले नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या आठव्या कलमात शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा हक्क दिलेला आहे, आणि त्याचे पहिलेच शब्द आहेत ‘सर्व जर्मनांना’. परदेशी माणसाला तो हक्क साध्या कायद्याने मिळतो, संविधानाच्या या कलमाने नाही. मी इथे कर भरते, माझी मुले इथल्या शाळेत जातात, पण त्या चिकटलेल्या मुलीच्या शेजारी बसण्याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही, आणि तो फक्त प्लंबरविषयीच्या सहानुभूतीमुळे नव्हे. पोलिसाने माझे ओळखपत्र मागितले असते आणि पुढे रहिवासी परवान्याच्या कागदांत ते कुठेतरी उमटले असते, ही धास्ती माझ्यासारख्यांना न सांगता कळते. आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातला जमण्याचा हक्कही नागरिकांनाच आहे, आणि तो अजून माझ्याकडे आहे, वापरायला मात्र मी तिथे नाही.

जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्व खुले केले. भारताला ते चालत नाही. म्हणजे ज्या दिवशी मला फ्रांकफुर्टर टोरला बसण्याचा संविधानिक हक्क मिळेल, त्याच दिवशी आग्रा रोडवर बसण्याचा, आणि तिथे कुणी बसावे की नाही हे मताने ठरवण्याचा, माझा हक्क जाईल. अर्ज मी ऑनलाइन भरून ठेवला आहे, नागरिकत्वाचे अर्ज पाहणाऱ्या लांडेसआम्ट या सरकारी कार्यालयाचे उत्तर यायचे आहे. भावाला हे अजून कळवलेले नाही. कळले की तो म्हणेल, मग आमच्या रस्त्यांबद्दल बोलायचं बंद कर, आणि त्याला उत्तर देताना दाखवायला माझ्याकडे एकही कलम नसेल. बोलायचे मी थांबवणार नाही, हे मात्र त्यालाही माहीत आहे.